इतर परिस्थिती कायम असताना

"सर, मिठाच्या प्रश्नानंतर तुम्ही थांबलातच नाही," यशरा जिन्यात म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. शर्टाचं बटण उघडं राहिलंय हे एखादं माणूस हळूच सांगतं तशी म्हणाली, आणि पुस्तकं छातीशी धरून खाली निघून गेली. मी मधल्या पायरीवर उभाच. आमच्या कॉलेजचा जिना अरुंद, वरून येणारी पोरं खांद्याला घासून जात होती, आणि मी कठडा धरून विचार करत होतो की मी थांबलो नाही म्हणजे काय? थांबणं ही एकच तर गोष्ट मला नीट येते. अर्थशास्त्राचं काय, ते पुस्तकातही आहे. उरणच्या बाहेर, कंटेनरच्या रांगा संपून खाडीकाठचं खारं खाजण सुरू होतं तिथे असलेल्या या इंजिनिअरिंग कॉलेजात मी, चांगदेव घरत, पोरांना अर्थशास्त्राची तोंडओळख करून देतो. मेकॅनिकल असो, सिव्हिल असो, कॉम्प्युटर असो, सगळ्यांना हा विषय एका सत्रापुरता असतो. लग्नाच्या पंगतीत लोणचं असतं, तसा. लोणच्यासाठी कोणी लग्नाला येत नाही, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं आणि त्याचं मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. पण ही मुरुडची मुलगी, हॉस्टेलवर राहणारी, माझ्याशी आजवर चार वाक्यंही न बोललेली, मला येऊन सांगते की तुम्ही थांबलातच नाही. ते मला लागलं. कुठे लागलं ते कळेना, पण लागलं.

मागणीची लवचिकता शिकवायची वेळ आली की मी मीठ काढतो. वस्तू महाग झाली की लोक ती कमी घेतात, हा साधा नियम. पण काही वस्तू अशा की किंमत वाढो नाही तर उतरो, माणूस तेवढीच घेतो. त्याला आमच्यात ताठर मागणी म्हणतात. हे फळ्यावर लिहिण्याआधी मी खडू खाली ठेवायचो, हात झटकायचो आणि विचारायचो, "उद्यापासून मीठ दुप्पट महाग झालं, तर तुमच्या घरात मीठ किती कमी येईल?" आणि मग गप्प. सुरुवातीला पोरांना वाटे, सर विचारतील आणि सरच सांगतील, सगळेच तसं करतात. सर काही सांगत नाहीत हे लक्षात आल्यावर चुळबुळ सुरू होई. बाक करकरत. कोणी पेनाचं टोपण काढून पुन्हा लावी. वर पंख्याची घरघर, बाहेर मागे येणाऱ्या ट्रेलरचं टुंक टुंक, आणि मी खिडकीबाहेर बघत उभा. मला घाई नसे. शेवटी मागच्या बाकावरून कोणीतरी बोले, बहुधा सत्रभर तोंड न उघडलेला. "सर, मीठ आई आणते, मला काय माहीत?" "सर, पाणीपुरीवाला कमी टाकेल." एका वर्षी गणराज नावाचा एक आडदांड मुलगा उभा राहून गंभीरपणे म्हणाला होता, "सर, आम्ही शेजारून आणू," आणि वर्ग असा हसला की बाजूच्या वर्गातले सर डोकावून गेले. त्या हसण्यातूनच मी त्यांना उत्तरापाशी नेत असे. "बरोबर," म्हणायचो, फळ्यावर ती सरळ उभी रेघ ओढायचो, आणि खाली लिहायचो, 'इतर परिस्थिती कायम असताना'. आमच्या शास्त्राचं सगळं घर या एका वाक्यावर उभं आहे. किंमत तेवढी बदलली, बाकी जग होतं तिथेच राहिलं, असं धरून चालायचं. पोरांना वाटायचं, सरांची ही शिकवायची पद्धत आहे. असेलही. पण अलीकडे, माझी बायको सुगंधा गेल्यापासून, मला माहीत होतं की ती शांतता मी माझ्यासाठीच ठेवत होतो. माझ्या सबंध दिवसात तेवढीच जागा अशी होती, जिथे मी गप्प झालो की कोणीतरी बोलायचं.

या सत्रापासून वर्ग गेला. भांडण नाही, अन्याय नाही, काही नाही. प्राचार्य माझ्याहून वयाने लहान आणि माणूस चांगला. त्यांनी बोलावून चहा पाजला आणि सांगितलं की तोंडओळखीचे विषय आता रेकॉर्ड करून ठेवायचे, पोरं आपापल्या सवडीने बघतील. "घरत सर, तुम्ही रिटायर झालात तरी तुमचा आवाज इथे राहील," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं की ते मला काहीतरी देताहेत. मी म्हणालो, चालेल. हे माझं नेहमीचं. वेळापत्रकात शेवटचा तास दिला, चालेल. खोली बदलली, चालेल. शिवाय त्यांचं गणित मलाच मान्य करावं लागणार होतं, कारण ते मीच पोरांना शिकवतो: पहिली प्रत काढायला खर्च येतो, पुढच्या प्रती जवळपास फुकट. मी स्वतःच ती पहिली प्रत होईन असं मात्र शिकवताना कधी डोक्यात आलं नव्हतं. आता एवढंच राहिलं होतं की उद्याच्या शनिवारपर्यंत सगळी रेकॉर्डिंग बघून मी 'ठीक आहेत' असं सांगायचं. मी हो म्हटलं की पुढच्या सत्राच्या वेळापत्रकातूनही माझे तास कायमचे निघणार होते. इतके दिवस मी ती रेकॉर्डिंग बघितलीच नव्हती. स्वतःला बघायची कोणाला हौस असते?

जिन्यातून मी तसाच वर गेलो, ड्रॉइंग हॉलमध्ये. पूर्वी इथे पोरं मोठाल्या पाट्यांवर वाकून पुलांची चित्रं काढत. आता खिडक्यांना काळे पडदे, एक कॅमेरा, एक हिरवट भिंत आणि निकेश. निकेश जासईचा, दोन मुलांचा बाप, लग्नांचं शूटिंग करता करता कॉलेजच्या नोकरीला लागलेला. मी म्हणालो, तो मिठाचा भाग दाखव. त्याने दाखवला. पडद्यावर एक माणूस होता, टक्कल पडलेला, माझाच चौकटीचा शर्ट घातलेला. तो म्हणाला, "तुमच्या घरात मीठ किती कमी येईल?" आणि त्या 'येईल'ला चिकटूनच म्हणाला, "बरोबर. काहीच कमी येणार नाही." श्वाससुद्धा घेतला नाही त्याने. असा माणूस एसटीत बाजूला बसला तर मी जागा बदलीन. "मी इथे थांबलो होतो," मी म्हणालो. "हां सर, थांबलेले ना तुम्ही, खूप थांबलेले," निकेश म्हणाला, "ते कट करावंच लागतं. पोरांना वाटतं व्हिडिओ अटकला, मग स्किप मारतात. शादीच्या कॅसेटमध्ये पण आम्ही लोकांचं नुसतं बसणं काढतो." त्याचंही बरोबर होतं. लग्नाच्या चित्रफितीत कोणाला लोकांचं नुसतं बसणं बघायचं असतं? पण तो माझा धंदाच होता, नुसतं बसणं, आणि तो मला बापाकडून आलेला होता.

माझा बाप हिरामण घरत, मिठागरावर होता. आता तिथे कंटेनर रचलेत, निळे, लाल, एकावर एक, आणि कोणी सांगितलं तर खरं वाटू नये की इथे पाणी आणून नुसतं ठेवत असत. उधाणाला खाडीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडत न्यायचं, आणि शेवटच्या वाफ्यात आलं की त्याला हात लावायचा नाही. ऊन पडू द्यायचं. मीठ धरायला लागलं की पाण्यावर पातळ साय येते. ती दिसली की नवख्याला राहवत नाही, तो लगेच फळी घालून ओढायला जातो, आणि मग जे हाती येतं ते मीठ नसतं, चिखल असतो. मी लहानपणी एकदा नुसता पाय घातला होता गंमत म्हणून. बाप ओरडला नाही. बांधावर बसून म्हणाला, "पानी हालवू नको रं. ते काम करतंय. आपलं काम गप बसायचं." मला ते तेव्हा हसू आलं होतं, की पाणी काम करतंय आणि माणूस बसलाय. पुढे मी शिकलो, शहरात गेलो, पदव्या घेतल्या, आणि शेवटी पोरांसमोर उभा राहून तेच करत बसलो. प्रश्न आत घ्यायचा आणि हालवायचा नाही. बापाच्या मिठागराचा पुस्तकातल्या मिठाशी मी कधी संबंध जोडला नव्हता, खरं सांगतो. पुस्तकातलं मीठ म्हणजे एक उभी रेघ, तिने पाय भाजत नाहीत.

"निकेश, हा तुकडा परत घ्यायचा," मी म्हणालो. "आणि या वेळी मी थांबलो की कापायचं नाही." निकेशने खांदे उडवले, दिवा लावला, दार लावून घेतलं. मी हिरवट भिंतीसमोर उभा राहिलो, हात झटकले. हातात खडू नव्हता तरी झटकले. प्रश्न विचारला. आणि थांबलो. समोर कॅमेऱ्याचं काळं गोल भिंग. पंखा बंद, कारण आवाज येतो. ट्रेलरही ऐकू येईना, पडदे जाड. वर्गातली शांतता मला पाठ होती, ती भरलेली असते, तिच्यात चाळीसपन्नास जणांची पोटं गुरगुरत असतात. ही तशी नव्हती. हिच्यात काही शिजत नव्हतं. मला भीती वाटली, अगदी पोरकट भीती, की मी असा उभा राहीन आणि कोणी कधीच बोलणार नाही. आणि नेमकं त्याच वेळी, कुठून ते सांगता येत नाही, पण स्वच्छ, पाठीमागून यावा तसा आवाज मला आठवला: "मीठ बराबर हाय का?"

सुगंधा स्वयंपाक करताना कधी चाखत नसे. आमच्याकडे बायका चाखतच नाहीत, उष्टं होतं. वासावरून, रंगावरून, हाताच्या अंदाजाने घालायचं आणि पहिला घास घेणाऱ्याला विचारायचं. त्यामुळे लग्न झाल्यापासून रोज, दोन वेळा, मी पहिला घास तोंडात घातला की ती हातातली पळी तशीच धरून उभी राहायची आणि विचारायची, मीठ बराबर हाय का? आणि थांबायची. मी सांगेपर्यंत स्वतःचं ताट वाढून घ्यायची नाही. कालवण असो, वालाची उसळ असो, नुसती आमटी असो, तेवढ्या वेळापुरतं घर गप्प व्हायचं. मी म्हणायचो, "बराबर हाय." मग पळी खाली जायची आणि जेवण सुरू व्हायचं. पुढे तिचं मूत्रपिंडाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरने मीठ बंद केलं. ती म्हणाली, तुमचं वेगळं करते. मी म्हणालो, एकाच भांड्यात कर, मला चालेल. बिनमिठाचं पहिलं कालवण झालं, मांदेलीचं होतं, मी पहिला घास घेतला, आणि ती सवयीने म्हणाली, "मीठ बराबर हाय का?" म्हणाली आणि स्वतःच तोंडावर हात धरला. मी घास घोळवला, अगदी विचार करून, आणि म्हणालो, "बराबर हाय." ती इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. मग तोच आमचा रोजचा खेळ झाला. जेवणात मिठाचा कण नाही आणि ती रोज विचारतेय, मी रोज सांगतोय. शेवटी शेवटी तिला उभं राहवत नसे, मी करायचो, ती खाटेवरून विचारायची. आज मला कळलं की वर्गात मी तिचाच प्रश्न विचारत होतो. तसंच हातातलं काम थांबवून, तसाच वाट बघत. मला हुंदका आला नाही. फक्त कॅमेऱ्यासमोर उभं असल्याचं भान गेलं, आणि ते परत आल्यावर, आता काहीतरी बोललं पाहिजे म्हणून, मी सवयीने म्हणालो, "बरोबर. काहीच कमी येणार नाही." आणि बोटाने हवेतच उभी रेघ ओढली.

"मस्त आलं सर," निकेश म्हणाला. त्याचाही आवाज जरा खाली आला होता. "असंच ठेवतो. आज संध्याकाळीच जुनं काढून हे टाकतो. चालेल ना?" चालेल, मी म्हणालो. घरी गेलो. भात लावला, डाळ केली, बिनमिठाची. सुगंधाला जाऊन दोन पावसाळे झाले, आता मला मीठ खायला कोणाची मनाई नाही. पण मी घालत नाही. तिची फणी आरशापाशी आहे, तिचा रेडिओ फळीवर आहे, तसं मीठही डब्यात नाही. इतर परिस्थिती कायम. मी पोरांना सांगतो की हे फक्त समजण्यासाठी धरायचं असतं, खऱ्या जगात असं काही नसतं, आणि घरी येऊन मी तेच मांडून बसतो. नाशिकहून मुलीचा, प्राप्तीचा फोन आला. "बाबा, जेवलात का?" जेवलो. "काय केलं होतं?" डाळ. "बरं." ती मायाळू आहे, रोज फोन करते, पण तिच्या प्रश्नात थांबायला जागा नसते; 'जेवलात का'ला 'हो' शिवाय उत्तर काय देणार? फोन ठेवल्यावर मला यशराची आठवण आली. आता तिने बघितलं असेल. आता थांबलोय मी. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू, परीक्षेत चांगला पेपर गेल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजच्या फाटकाबाहेर भेटली, बस थांब्यापाशी. शनिवार होता, ती मुरुडला घरी निघाली होती, पाठीवर मोठी पिशवी. मला बघून ओढणी सारखी केली. मीच विचारलं, "बघितलं का नवीन?" "बघितलं ना सर. थांबलात तुम्ही. बाकीची पोरं तिथं पुढे ढकलतात," ती म्हणाली, आणि घाईने, "मी नाही ढकललं. मी थांबले." मग बस येतेय का ते वाकून बघितलं. काहीतरी होतं तिच्या मनात. मी वाट बघितली. रस्त्यावरून एकामागून एक ट्रेलर जात होते, धूळ उडत होती, आम्ही दोघंही डोळे बारीक करून उभे. "सर, सांगू का? मी उत्तर दिलं. खोलीत एकटीच होते, मोठ्याने बोलले. मी म्हणाले, निम्मं. आणि तुम्ही म्हणालात, बरोबर." ती हसली, पण हसू नीट आलं नाही. "मी खूश झाले. लगेच तुम्ही म्हणालात, काहीच कमी येणार नाही. मग माझं बरोबर कसं? मला वाटलं तुम्ही ऐकलंत. वेडीच ना मी."

माझ्या त्या चौकटीच्या शर्टातल्या माणसाने ऐकण्याचं सोंग केलं होतं. जो जे बोलेल त्याला तो बरोबर म्हणणार होता, याही वर्षी, पुढच्याही वर्षी, मी मेल्यावरही. सुगंधाला मी बिनमिठाचं बराबर म्हणत होतो, पण ती समोर होती, मी काय खाल्लं ते तिला माहीत होतं, माझ्या तोंडाकडे बघून ती हसत होती. त्या खोट्यात आम्ही दोघं होतो. या खोट्यात कोणीच नव्हतं. एक पोरगी हॉस्टेलच्या खोलीत एकटी बोलली होती आणि एक रिकामी खोली तिला बरोबर म्हणाली होती. मी विचारलं, "निम्मं का?" तिला वाटलं मी चूक काढतोय. "तसं नाही सर, मला माहितेय पुस्तकात..." "पुस्तक राहू दे. मला सांग, निम्मं का?" आणि मी थांबलो. या वेळी खिडकीबाहेर न बघता, तिच्याकडे बघत. "आमच्यात जेवणाला मीठ असून किती असणार सर? दादी मासळी खारवते ना. पोत्यानं मीठ लागतं. मीठ महाग झालं की दादी म्हणते, जाऊ दे, यंदा ताजीच विकू, घरापुरती खारवू. मग निम्मंच येतं." तिने पिशवी खांद्यावर वर ओढली. "पण अब्बा कुवेतला असतात, त्यांना दादीच्या हातचं खारं लागतं. त्यांचं ती कमी करत नाय. कितीही महाग होऊ दे. त्यांचं हाय तेवढंच." तिची बस आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि मला म्हणाली, "म्हणजे दोन्ही हाय सर, ना?" दोन्ही आहे, मी म्हणालो. बस निघाल्यावरसुद्धा मी तिथेच उभा होतो. दादीची एक रेघ तिरपी आहे आणि कुवेतवाल्या मुलासाठी एक उभी आहे, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, कारण इतक्या वर्षांत मी 'बरोबर' म्हणायची घाई करत आलो होतो. पण ते आत्ता कळलं, थांब्यावर, धुळीत, आणि रागापेक्षा मला आनंदच झाला. कोणीतरी माझ्याशी बोललं होतं.

मी परत फाटकातून आत गेलो. प्राचार्य निघायच्या तयारीत होते, पंखा बंद करत होते. "या घरत सर. बघितली सगळी? ठीक आहेत ना?" माझ्या तोंडात 'चालेल' तयार होतं, ते तिथे कायमच तयार असतं. मी ते गिळलं. "नाही चालणार," मी म्हणालो. त्यांना वाटलं आवाजाचा काही प्रॉब्लेम आहे. मी म्हणालो, आवाज छान आहे, माणूस नाही. मला नीट सांगता आलं नाही. मी मिठाचं सांगितलं, मुरुडच्या दादीचं सांगितलं, व्हिडिओ न ऐकता बरोबर म्हणतो हे सांगितलं. ते घड्याळाकडे बघत ऐकत होते, तरी ऐकत होते. "तुम्ही नाही म्हणालात तर दुसऱ्या कोणाची लेक्चर्स घ्यावी लागतील सर. मग तुमचं काही राहणारच नाही." मला ते माहीत होतं. मी म्हणालो, माझी काढून टाका; मला आठवड्यातून एक तास द्या, समोर पोरं बसवून. शेवटी ते म्हणाले, "गुरुवारचा एक तास देतो. हजेरी सक्तीची नाही. येतील ती येतील. नाही आली तर मग तुम्हीच मला काही म्हणू नका." कोणी येणार नाही असं त्यांना वाटत होतं, आणि मलाही तेच वाटत होतं. पण गुरुवारी मी तिथे असणार आहे, एवढं ठरलं.

येताना मांदेली घेतली. पुष्कळ दिवसांनी घेतली. कालवणासाठी सावकाश साफ केली. कोकम घातलं, लसूण ठेचून घातला. मग मी कपाटाच्या वरच्या फळीवरून मिठाची बरणी काढली. सुगंधाने डबा रिकामा केला होता तेव्हा उरलेलं मीठ हिच्यात भरून वर ठेवलं होतं. उघडली तर मिठाचा दगड झालेला, बरणीच्या आकाराचा, एकसंध. पळीच्या दांड्याने टोचून टोचून तो फोडला. बोटांत खडे घेतले, तेव्हा लक्षात आलं की मला किती घालायचं माहीत नाही. ते तिला माहीत होतं. पण हाताला कुठून तरी माहीत असावं, इतकी वर्षं तिच्या हाताकडे बघून. हाताने घेतलं, हाताने टाकलं, मी मधे पडलो नाही. ताट वाढलं. पहिला घास घेतला. खारट. जिभेला इतकं लागलं की डोळ्यात पाणी आलं. फळीवरचा रेडिओ बंद होता, खिडकीबाहेर कोणाच्या तरी अंगणात कोणीतरी धुणं आपटत होतं. मी घास गिळला नाही. वर्गात थांबतो तसा थांबलो, प्रश्नाला यायला वेळ दिला. मग तोंडातलं गिळलं आणि खरं ते सांगितलं.

"जास्त झालंय गं," मी म्हणालो. "दोघांचं पडलं."